तेवीस शिंगांची सरळ रेघ

मंगळवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास खातरजम्यांच्या रेघेला पहिलं शिंग फुटलं.

रेघ संगणकाच्या पडद्यावर होती. आडवी, सरळ आणि कंटाळवाणी असणं एवढंच तिचं काम होतं आणि सोमवार दुपारपासून ती ते इमानेइतबारे करत होती. आता मात्र तिच्या अगदी टोकाला एक टोकदार उंचवटा दिसत होता. खातरजम्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. उंचवटा होता तिथेच होता. त्यांनी मान वळवून आधी दाराकडे, मग खिडकीकडे आणि शेवटी टेबलाखाली पाहिलं. कोणी नव्हतं. यामुळे त्यांचा संशय जास्तच बळावला, कारण ज्याचं काम साफ असतं तो कशाला लपेल?

खातरजमे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. 'खातरजमा केलेली बरी' हे वाक्य ते दिवसातून वीस वेळा म्हणत, म्हणून प्रयोगशाळेने त्यांना हे नाव बहाल केलं होतं. ते कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघत आणि जिना उतरल्यावर चौथ्यांदा ओढायला परत चढत. असा माणूस मोजणीच्या कामाला सोन्यासारखा. म्हणून सरांनी त्यांना मोजणीवर ठेवलं होतं.

मोजायचं काय, तर वीज. तीही इतकी बारीक की नेहमीच्या मीटरला तिचा पत्ताही लागू नये. शेजारच्या खोलीत एक रसायनवाल्या बाई काचेच्या फ्लास्कमध्ये अर्धवाहकाचे स्फटिक शिजवत. एका केसाच्या जाडीत पंधरा हजार शेजारी शेजारी झोपतील, एवढे ते स्फटिक लहान. हात इतका बसलेला की सगळे त्यांना सुगरण म्हणत. खातरजमे त्या स्फटिकांचा एक थेंब सोन्याच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीवर सोडत. थेंब वाळला की विजेचे कण या स्फटिकावरून त्या स्फटिकावर उड्या मारत फट ओलांडत. किती ओलांडतात ते मोजायचं. असे सोळा नमुने केले होते. कुणाचा थर वाळताना तडकला, कुणाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या. पंधरा गेले, एक उरला.

त्या एकावर खातरजम्यांची नोकरी टांगलेली होती. सरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "पुढच्या सोमवारी बाहेरच्या तपासनीस बाई येणार आहेत. अंधारात सात दिवस ही रेघ सरळ राहिली, तर पुढची तीन वर्षं तुमची. नाही राहिली, तर एक तारखेपासून तुम्ही घरी. मलाही काही करता येणार नाही."

अंधार महत्त्वाचा, कारण या स्फटिकांवर उजेडाची तिरीप पडली तरी वीज एकदम वाढते. म्हणून नमुना एका लाकडी खोक्यात ठेवला होता. आतून काळा रंग, वरून काळं कापड. खोक्यातून एक तार निघून मीटरला, मीटरमधून संगणकाला. संगणक दर मिनिटाला एक ठिपका मांडायचा, आणि ठिपक्यांची व्हायची रेघ.

तेव्हा खातरजम्यांचा हिशेब सरळ होता. शिंग म्हणजे उजेड. उजेड म्हणजे झाकण उघडलं. झाकण आपोआप उघडत नाही. वेळ पाहिली तर नऊ बारा. म्हणजे ते स्वतः खोलीत शिरले, खोक्याभोवती एक चक्कर मारून झाकण ठीक आहे ना ते पाहिलं आणि पडद्यासमोर आले, त्याच्या जेमतेम तीन मिनिटं आधी! चोर नुकताच निसटला होता.

ते तडक शेजारच्या खोलीत गेले. सुगरण फ्लास्कवर नजर ठेवून उभ्या होत्या.

"बाई, तुम्ही आत्ता माझ्या खोलीत आला होतात?"

"मी? हे आचेवर ठेवून? दोन अंशांनी वाढलं तर आख्खा घाणा वाया जाईल माझा."

"मग कोण आलं होतं?"

"मला काय माहीत? काय झालं?"

"काही नाही. सहज विचारलं." खातरजमे सहज कधीच काही विचारत नसत, हे त्या खोलीतल्या बाटल्यांनाही ठाऊक होतं.

सुगरण म्हणाल्या, "तो लाकडी खोका काही मला खरा वाटत नाही हं. माझ्याकडे अ‍ॅल्युमिनियमचा डबा पडलाय. चांगला जाड आहे, जमिनीला तार जोडायची सोय पण आहे. घेऊन जा."

खातरजम्यांच्या कपाळावर आठी पडली. मागच्याच महिन्यात भर बैठकीत त्यांनी सुगरणींच्या एका घाण्याला 'कचरा' म्हटलं होतं. मोजमापाच्या दृष्टीने ते खरंही होतं. पण त्यानंतर बाई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या आणि आज आपण होऊन डबा देत होत्या. का? डब्याला काही भोक वगैरे पाडून ठेवलं असेल का?

"नको, राहू दे," ते म्हणाले. "आहे तो बरा आहे."

बाहेर पडताना त्यांनी दाराच्या मुठीला हात लावला आणि 'आई गं!' करून मागे घेतला. चट्‌कन झटका बसला होता. दोन दिवसांत तिसऱ्यांदा. पहिल्या दोन वेळी त्यांनी दुर्लक्ष केलं होतं, पण शिंग फुटल्यावर मुठीचाही अर्थ बदलला. कोणीतरी मुठीत वीज सोडली होती.

त्यांनी इमारतीच्या वायरमनला बोलावून घेतलं. वायरमनने टेस्टर लावला, मूठ खोलली, परत बसवली.

"यात काही नाही साहेब. ही लोखंडाची मूठ आहे नुसती. हिला वायरच नाही."

"मग मला झटका कसा बसतो?"

वायरमनने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "करंट तुमच्याच अंगात असेल. असतो एकेकाच्या."

खातरजम्यांना हा चेष्टेखोरपणा आवडला नाही. संध्याकाळी त्यांनी वहीत संशयितांची यादी केली. पहिलं नाव सुगरण, दुसरं वायरमन.

त्या दिवशी आणखी दोन शिंगं आली. दोन्ही वेळा तीच तऱ्हा. खातरजमे चहा अर्धा टाकून, पाय न वाजवता खोलीत शिरले, खोक्याभोवती फिरले, पडद्याकडे गेले, आणि पाहतात तो काय, शिंग ताजं! प्रत्येक वेळी चोर एखाद-दोन मिनिटांनी पुढे होता.

प्रयोगशाळेत एक नियम होता आणि तो भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला होता. मोजणी करताना सुती कोट घाला आणि मनगटाला जमिनीशी तारेने जोडलेला पट्टा बांधा. हा नियम खातरजम्यांनीच लिहिला होता आणि आजवर एकदाही मोडला नव्हता. पण या फेऱ्या काही मोजणीच्या नव्हत्या. या पाळत ठेवायच्या फेऱ्या होत्या. पाळत ठेवताना कोट घालत बसलं तर चोर सापडेल कसा? म्हणून ते घरून आलेल्या कपड्यांत, म्हणजे सासूबाईंनी विणलेल्या जांभळ्या स्वेटरमध्ये, तसेच आत घुसत.

या स्वेटरबद्दल थोडं सांगायला हवं. थंडी कोरडी आणि कडक पडली होती. रविवारी सासूबाईंनी दोन स्वेटर पाठवले होते, एकाच लोकरीच्या गुंड्यांमधून विणलेले, एक जावयाला आणि एक लेकीला. लोकर म्हणजे मेंढीची नव्हे. दुकानात मिळते ती, धुवायला सोपी, कधी न आटणारी. काढताना तडतड आवाज व्हायचा आणि खातरजम्यांच्या कानांवर उरलेले चार केस उभे राहायचे. "आईने दोन महिने डोळे फोडून विणलाय," बायकोने बजावलं होतं, "थंडी संपेपर्यंत अंगावरून काढायचा नाही." त्यांनी तो काढला नाही.

बुधवारी त्यांनी सापळा लावायचं ठरवलं. खोक्याच्या झाकणावर आणि खोक्यावर मिळून एक केस आडवा चिकटवायचा. झाकण उघडलं की केस तुटणार. झकास. फक्त केस हवा. स्वतःच्या डोक्यावर त्यांनी हात फिरवला, पण तिथे कानांवरचे चार सोडले तर काही नव्हतं, आणि ते चारही आखूड. बायको पोहायला शिकवत असे, तिचे केस मुलांसारखे कापलेले. शेवटी सुगरणींचा कोट खुंटीला लटकत होता, त्याच्या खांद्यावर कमरेएवढा लांब केस सापडला. संशयिताच्याच केसाने संशयिताला पकडायचं! खातरजम्यांना स्वतःचं कौतुक वाटलं. त्यांनी कोटावरून आणखी पाच-सहा केस वेचून ठेवले.

बुधवारी सात शिंगं आली. केस मात्र शाबूत.

साध्या माणसाने यावरून झाकण उघडलंच नाही असा निष्कर्ष काढला असता. खातरजम्यांनी काढला तो असा, की चोर मुरलेला आहे. तो केस अलगद सोडवतो आणि परत तसाच चिकटवतो. पुरावा म्हणून त्यांनी तो केस काढून कागदाच्या पुडीत घातला, पुडीवर 'बुधवार' असं लिहिलं, पुडी शर्टाच्या खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवसासाठी नवा केस चिकटवला.

फरशी पुसणाऱ्या मावशींना त्यांनी बाजूला घेतलं. "मावशी, खरं सांगा. मी आत यायच्या आधी या खोलीत कोण येतं?"

"तुमच्या आधी?" मावशींनी फडकं पिळलं. "तुमच्या आधी कोणी नाही येत."

"आणि माझ्यानंतर?"

"तुमच्यानंतर परत तुम्हीच. मगाचपासून चौथ्यांदा आलात. मी पुसू कधी ते सांगा."

मावशींचं नाव यादीत तिसरं गेलं. एवढं ठाम उत्तर देणारा माणूस काहीतरी लपवत असतो, असा त्यांचा अनुभव होता.

आता एकच गोष्ट त्यांना सतावत होती. ते येणार हे चोराला आधीच कसं कळतं? ठरलेल्या वेळी आले तरी कळतं, अवेळी आले तरी कळतं. कोणीतरी त्यांच्या वेळा चोराला कळवत होतं. गुरुवारी त्यांनी कोणालाही न सांगता पहाटे सहाला जायचं ठरवलं. कोणालाही न सांगता म्हणजे बायकोला सांगून, कारण डबा हवा होता. सहाला इमारतीत चिटपाखरू नव्हतं. त्यांनी कुलूप उघडलं, खोक्याभोवती फिरले, पडद्याकडे धावले. सहा वाजून चार मिनिटं, शिंग!

खातरजमे खुर्चीत बसले. सहाची वेळ जगात एकाच माणसाला माहीत होती, आणि त्या माणसाने त्यांना डबा भरून दिला होता.

नको तो विचार होता, पण डोक्यात शिरला की खातरजम्यांना तो बाहेर काढता येत नसे. सुगरणींची मुलगी त्यांच्या बायकोकडे पोहायला शिकते, हेही त्यांना नेमकं आत्ताच आठवलं. म्हणजे दोघी रोज भेटत असणार. संध्याकाळी घरी त्यांनी बायकोकडे नीट निरखून पाहिलं. तिचं वागणं खरोखर बदललं होतं. ती गप्प होती. ते खोलीत आले की हातातला फोन उलटा ठेवत होती. जेवताना म्हणाली, "अहो, हल्ली फार लवकर जाता."

"काम आहे."

"आणि उशिरा येता."

"काम आहे म्हटलं ना. का विचारतेस?"

"सहज." आणि ती त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे बघत राहिली.

खातरजम्यांनी घास घोळवत ठरवलं, हिचीही परीक्षा घ्यायची. "उद्या दहाला जाईन," असं मोठ्याने सांगितलं आणि शुक्रवारी सातलाच, ती अंघोळीला गेली असताना, घरातून सटकले. सात पंचवीस, शिंग! म्हणजे खोटी वेळ सांगितली तरी तिला खरी कळते. चौदा वर्षांच्या संसारात बायकोने आपलं सगळं ओळखलंय, हे त्यांना नेहमी कौतुकाने वाटायचं. आज पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

घरी परतल्यावर त्यांनी पुरावे काढून बघायचे म्हणून खिसा चाचपला. 'बुधवार' आणि 'गुरुवार' या पुड्या खिशात नव्हत्या. शर्ट धुवायला गेला होता.

"माझ्या खिशात काही होतं का गं?"

"काय होतं?" बायकोने विचारलं. तिच्या आवाजात असं काही होतं, की त्यांनी पुढे विचारलंच नाही. पुरावा नष्ट झाला होता आणि कोणी केला हेही उघड होतं.

शनिवारी सकाळी दोन शिंगं मोजून ते दुपारी दाताच्या डॉक्टरकडे गेले. दाढ काढायची होती आणि गर्दी बरीच होती. चार ते साडेसहा ते तिथेच अडकून पडले. घरी येऊन गाल धरून झोपले. रविवारी एकदा फेरी मारली, नेहमीचं शिंग आलं, आणि मग मागची रेघ बघताना त्यांच्या अंगावर काटा उभा राहिला.

शनिवारी संध्याकाळी पाच वीसला एक शिंग होतं. बाकीच्यांपेक्षा बुटकं, पण चांगलं सहा-सात मिनिटं रुंद. त्या वेळी खातरजमे डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड वासून पडलेले होते. तिथे दोन माणसं साक्षीला होती. प्रयोगशाळेत ना खातरजम्यांची चाहूल होती, ना पाळत. म्हणून चोर बिनधास्त, आरामात काम करून गेला होता! गेले काही दिवस, खरं सांगायचं तर, त्यांना अधूनमधून वाटू लागलं होतं की आपलंच डोकं फिरलंय. आता ती शंका मिटली. चोर होता. त्यांना इतका आनंद झाला की दाढ दुखायची थांबली. मग आठवलं, उद्या सोमवार. रेघेला तेवीस शिंगं. एक तारखेपासून घरी. बायकोला काय सांगायचं, आणि बायकोच सामील असेल तर कोणाला काय सांगायचं? ते पडद्यासमोर बराच वेळ बसून राहिले.

सोमवारी अकराला तपासनीस बाई आल्या. साठी उलटलेली, पायांत बूट, खांद्याला झोळी, बोलणं मोजकं. सरांनी कोट वाटले. तीनच होते, म्हणून खातरजम्यांनी आपला कोट पाहुण्या बाईंना दिला. सर आणि सुगरण त्यांच्या मागून आत आले, आणि शेवटी जांभळ्या स्वेटरमधले खातरजमे. ते सवयीने खोक्याभोवती फिरले. मावशी दाराशी बादली घेऊन थांबल्या होत्या.

बाईंनी पडद्याकडे बोट केलं. "ही काय शिंगं?"

सरांचा चेहरा उतरला. "खातरजमे, हे काय आहे? मला तर तुम्ही रोज सगळं ठीक म्हणत होतात."

"सर, हा घातपात आहे." खातरजम्यांनी आठवडाभर पाठ केलेलं वाक्य एकदाचं बाहेर आलं. "झाकण कोणीतरी उघडतंय. रोज. आणि ती व्यक्ती या खोलीत आहे." त्यांनी खिशातून शुक्रवार, शनिवार, रविवार अशा तीन पुड्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. "हा पुरावा."

सुगरणींनी एक पुडी उघडली. "हे तर केस आहेत. थांबा, हे माझे केस आहेत?" त्यांचा आवाज चढला. "तुम्ही माझे केस गोळा करताय? वार लिहून?"

"तुम्हाला पकडण्यासाठी!"

"अहो, मागितले असते तर हातात आणून दिले असते! शी!"

"बघा, बघा!" खातरजमे एकदम ओरडले. पडद्यावर नवा ठिपका उमटला होता. ताजं शिंग, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. "आत्ता! याच क्षणी!"

सगळ्यांनी खोक्याकडे पाहिलं. खोक्यापासून चार हातांच्या आत कोणीही नव्हतं. झाकण बंद होतं. झाकणावर सुगरणींचा केस जसाच्या तसा चिकटलेला होता.

तपासनीस बाईंनी चष्म्यावरून खातरजम्यांकडे पाहिलं. "ही शिंगं येतात तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"मी दर वेळी एखाद-दोन मिनिटं उशिरा पोचतो."

"दर वेळी?"

"तेवीसपैकी बावीस वेळा. वहीत नोंद आहे."

"बरं. आता बाहेर जा आणि परत या. खोक्याजवळून या."

खातरजमे गेले, आले. बाईंनी घड्याळ पाहिलं. एक मिनिटाने ठिपका उमटला, शिंग. मग त्यांनी सुगरणींना पाठवलं. ठिपका सरळ. सरांना पाठवलं. सरळ. कोणाला तरी पाठवायचंच म्हणून मावशींना बादलीसकट पाठवलं. सरळ.

"आता स्वेटर काढा," बाई म्हणाल्या.

"कोणाचा?"

"तुमचाच. आणखी कोणी घातलाय?"

खातरजम्यांनी स्वेटर डोक्यावरून ओढला. खोलीत तडतड तडतड असा आवाज घुमला आणि कानांवरचे चार केस ताठ उभे राहिले. नुसत्या शर्टावर ते खोक्याजवळून जाऊन आले. ठिपका सरळ. मग कोणी काही बोलायची गरज उरली नाही. स्वेटर, कोरडी थंडी आणि अंगावर साठलेली वीज. ती वीज जवळून हलली तरी लाकडी खोक्यातल्या आणि उघड्या तारेतल्या त्या बारीक करंटला हुडहुडी भरत होती. उजेडाची खातरजमा करायला येणारा माणूसच शिंग बरोबर घेऊन येत होता.

"मी बोललो होतो," दारातून आवाज आला. गलका ऐकून वायरमन डोकावला होता. "यांच्याच अंगात आहे म्हणून."

सुगरण तडक गेल्या आणि आपला अ‍ॅल्युमिनियमचा डबा घेऊन आल्या. नमुना त्यात बसवला, डब्याला जमिनीची तार जोडली. बाईंच्या सांगण्यावरून खातरजमे पुन्हा स्वेटर चढवून डब्याभोवती तीनदा फिरले. रेघ ढिम्म हलली नाही. खातरजम्यांना वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"बाई, मला माफ करा," ते सुगरणींना म्हणाले. "त्या कचऱ्याबद्दलसुद्धा."

"तो खरंच कचरा होता," सुगरण म्हणाल्या, "पण केस परत द्या माझे."

तपासनीस बाई मात्र खातरजम्यांची वही चाळत होत्या. येण्याजाण्याची प्रत्येक वेळ, मिनिटासकट, सुवाच्य अक्षरात. त्या एक एक शिंग वहीशी जुळवत गेल्या आणि पडद्यावरून पुसत गेल्या. बावीस शिंगं गेली, आजची दोन्हीही गेली. मधली रेघ, सात दिवसांची, पट्टीने आखल्यासारखी सरळ होती.

"नमुना उत्तम आहे," त्यांनी वही मिटली. "आणि इतकी नीट नोंद मी वीस वर्षांत पाहिली नाही. माझा शेरा अनुकूल जाईल. अट एकच. या माणसाने रोज एकदाच आत यायचं. कोट घालून."

सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खातरजम्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षं! ते 'आभारी आहे' म्हणणार, तेवढ्यात त्यांची नजर पडद्यावर गेली आणि अंगातला जुना खातरजमे जागा झाला.

"पण बाई, हे एक राहिलं. शनिवार, पाच वीस. त्या वेळी मी दाढ काढत होतो. मी नव्हतोच!"

बाई वाकून बघू लागल्या. "खरं आहे. बुटकं आहे, पण आहे याच जातीचं. यालाही असलाच स्वेटर हवा. थोडा लहान मापाचा."

"असला स्वेटर जगात दुसरा..." म्हणता म्हणता खातरजमे थांबले. एकाच लोकरीच्या गुंड्या. एक जावयाला, एक लेकीला.

"शनिवारी ना?" मावशींनी बादली खाली ठेवली. "शनिवारी तुमच्या बाईसाहेब आल्या होत्या की. तुम्ही दाताला गेला होतात, मी पुसायला दार उघडलं होतं, म्हटलं बसा. बसल्या नाहीत. त्या खोक्याभोवती फिरत होत्या. मला विचारत होत्या, इथे लांब केसांचं कोण आहे म्हणून."

खातरजमे त्या दिवशी पाच वाजता घरी पोचले. बायको बैठकीत बसली होती, अंगात जांभळा स्वेटर. समोरच्या टेबलावर दोन पुड्या होत्या. 'बुधवार' आणि 'गुरुवार'.

"बसा," ती म्हणाली.

ते बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. शिंगं, सापळा, केस, स्वेटर, डबा. सांगता सांगता, आपण तिच्यावरही संशय घेतला होता, हेही सांगून टाकलं, कारण न सांगता राहवेना. ती ऐकत होती. तिचा चेहरा काही हलत नव्हता.

"मी गेले शनिवारी," ती शेवटी म्हणाली. "म्हटलं, बघावं तरी काय चाललंय. तर तुम्ही नाही, आणि त्या काळ्या खोक्यावर एका बाईचा लांबलचक केस चिकटवून ठेवलेला. मी पाच मिनिटं त्याच्याभोवती फिरले. मावशी म्हणाल्या, दिवसातून सात सात वेळा येता. म्हटलं, हा माणूस इथे येऊन या केसाकडे बघत बसतो? चौदा वर्षं झाली आपल्याला. मला रडू आलं हो."

खातरजम्यांना फार वाईट वाटलं. आणि लपवण्यात अर्थ नाही, वाईट वाटता वाटता थोडं बरंही वाटलं. पंचेचाळिसाव्या वर्षी, डोक्यावर चार केस असताना, कोणीतरी आपल्यावर असा संशय घेऊ शकतं! त्यांनी तिचा हात हातात घेतला. चट्‌कन ठिणगी उडाली. दोघांनीही 'आई गं' करून हात मागे घेतले आणि मग दोघंही हसू लागले.

"माझ्यावर विश्वास आहे ना?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय! आहेच." बायकोने डोळे पुसले आणि फोन उचलला.

"आता कोणाला फोन?"

"तुमच्या सुगरणीला." तिने नंबर लावून फोन कानाला धरला. "विश्वास आहे हो. नुसती खातरजमा केलेली बरी."